टिकाऊ पेल्याचा शोध

पाणी पिणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यात किती अवयवांचा मेळ साधावा लागतो याचे भान सहसा राहत नाही. पेला उचलावयाचा, तोल न जाऊ देता ओठांपर्यंत आणावयाचा, त्याच्या काठावर ओठ मिटावयाचे, जिभेने घोट मागे न्यावयाचा आणि तो गिळताना श्वास क्षणभर रोखावयाचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, झालेल्या मुलाच्या बाबतीत यांपैकी कोणताही दुवा निखळू शकतो. मे-जून महिन्यांत गुरुग्रामचे तापमान 45 अंशांच्या घरात जाते. अशा दिवसांत ज्या मुलाच्या पोटात पुरेसे पाणी जात नाही, त्याच्या घरी पेला ही क्षुल्लक वस्तू राहत नाही.

पेला टिकाऊ असावा असे आपण म्हणतो, तेव्हा तो पडून फुटू नये एवढेच बहुधा अभिप्रेत असते. गुरुग्रामच्या नव्या वसाहतींतील उंच इमारतींत जमिनीवर गुळगुळीत व कठीण फरशी असते. तेथे काचेचा किंवा चिनी मातीचा विचारच करावयास नको. प्लास्टिकच्याही अनेक जाती आहेत. पॉलिस्टायरिनचा पारदर्शक पेला दिसावयास सुबक, परंतु ठिसूळ. पॉलिप्रॉपिलीन चिवट असते, दाबले असता वाकते आणि आघात सोसते. मात्र दीर्घकाळ उन्हात राहिल्यास तेही ठिसूळ होते. अशा वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात 5 हा आकडा असतो. खरेदी करताना रंगापेक्षा तो आकडा पाहणे अधिक उपयोगाचे.

पडण्याहून कठीण परीक्षा दातांची असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांच्या दातांना एखादी वस्तू लागताच जबडा आपोआप घट्ट मिटतो. हा हट्ट नव्हे. मुलाला इच्छा असूनही तो उघडता येत नाही. अशा वेळी पेला ओढून काढू नये, जबडा आपण होऊन सैल होईपर्यंत थांबावे. कडक प्लास्टिकचा तुकडा या चाव्यात मोडून तोंडात राहू शकतो. पोलाद मोडत नाही, पण दाताचाच टवका उडू शकतो. म्हणून स्टीलचे भांडे सर्वांत मजबूत असले तरी या मुलांसाठी ते योग्य नव्हे; त्यांना सिलिकोनचा किंवा मऊ, लवचिक प्लास्टिकचा काठ हवा.

आकाराचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. साधा पेला अर्धा रिकामा झाला की त्याचा पलीकडचा काठ नाकाला अडतो आणि मूल मान मागे टाकते. मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. यावरील उपाय अगदी साधा आहे: नाकाच्या बाजूचा काठ अर्धचंद्राकार कापून टाकावयाचा, म्हणजे हनुवटी किंचित खाली ठेवूनही शेवटचा घोट घेता येतो. मेक्सिकोतील खेड्यांत अपंग मुलांसाठी काम करणारे डेव्हिड वर्नर यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात घरगुती वस्तूंपासून अशी साधने तयार करण्यावर भर दिला आहे. पॉलिप्रॉपिलीनचा पेला मजबूत कात्रीने कापता येतो; काठ मात्र पॉलिशपेपरने घासून पूर्ण गुळगुळीत केला पाहिजे. ज्या मुलाला गिळतानाच ठसका लागतो, त्याच्यासाठी पेला निवडण्याआधी वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

टिकाऊपणाचा आणखी एक अर्थ आहे व तो सहसा ध्यानात येत नाही: जुना पेला गेल्यावर अगदी तसाच दुसरा मिळणे. स्वमग्न मुलांपैकी काहींना ओळखीच्या वस्तूतील लहानसा बदलही सहन होत नाही. इंग्लंडमधील असा एक मुलगा दोन कानांच्या एका निळ्या पेल्याखेरीज कशातूनही पाणी पीत नसे. त्या पेल्याचे उत्पादन केव्हाच बंद झाले होते. 2016 मध्ये त्याच्या वडिलांनी जाहीर आवाहन केले, तेव्हा टॉमी टिप्पी या कंपनीने अडगळीत पडलेला जुना साचा शोधून काढला आणि त्या मुलासाठी 500 पेले तयार करण्याचे ठरविले. ही गोष्ट हृद्य खरीच. परंतु प्रत्येक मुलासाठी कोणी साचा शोधणार नाही. प्लास्टिकच्या पेल्याचे आयुष्य त्याच्या साच्याशी बांधलेले असते. साचा महाग असतो, आणि खप घटला की तो बाजूला पडतो.

या दृष्टीने धातूची बाजू भक्कम आहे. गुरुग्राम ज्या हरियाणात आहे, तेथील जगाधरी आणि रेवाडी ही गावे धातूच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. साधे स्टीलचे फुलपात्र आज मोडीत काढले, तरी वीस वर्षांनी तशाच घाटाचे दुसरे मिळण्याचा संभव मोठा. पडले तर पोचा येतो, एवढेच. त्याला कारागिराकडून दोन्ही बाजूंना कान बसवून घेता येतात. हात थरथरणाऱ्या मुलासाठी बूड जड असलेले निवडावे. गरम दूध द्यावयाचे असेल तर दुहेरी पत्र्याचा पेला घ्यावा. एकेरी पत्र्याने ओठ भाजतात. पितळेला कल्हई लागते आणि ताक-सरबताला ते चालत नाही, म्हणून ते टाळलेले बरे. तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे आपल्याकडील बोंडले हेही याच परंपरेतील; दक्षिणेत त्याला पालाडै म्हणतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दूध पाजण्यासाठी इस्पितळांतही ते वापरले जाते. तोंडाचा घाट बदलून पिण्याची अडचण दूर करण्याची ही युक्ती किती जुनी आहे!

मुलाला एखादा पेला मानवला असे दिसताच त्याच जातीचे चार-सहा एकदम घेऊन ठेवावेत आणि ते आळीपाळीने वापरावेत, म्हणजे सगळे सारखेच जुने दिसू लागतात. बदल करणे अपरिहार्यच असेल, तर आधी नवा पेला जुन्याशेजारी नुसता ठेवावा. मग त्यातून एकच घोट द्यावा, आणि तोही तहान फार लागलेली नसताना.