न दिसणारी परिषद : नवमाध्यमे आणि वैद्याची वाणी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचा जो विचार आला आहे, तो आपण बहुतेकांनी विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता पाठ केला. संधाय संभाषा व विगृह्य संभाषा, ज्ञानवती परिषद व मूढ परिषद, त्या प्रत्येकीचे सुहृद्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट असे तीन प्रकार. उत्तर लिहिले, गुण मिळाले आणि विषय संपला. हा अध्याय पुन्हा काढून वाचण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. बोलण्यापूर्वी परिषद पाहावी, असे आचार्य सांगतात. जेथे परिषद दिसतच नाही, अशा माध्यमांतून आज आपण दिवसभर बोलत आहोत.

जुन्या माध्यमांत ऐकणारा ठरलेला असे. मुंबईच्या चाकरमान्याचे पत्र गावी येई, ते घरच्यांसाठी असे. फार तर वाचून दाखविणाऱ्या मास्तरांना त्यातला मजकूर कळे. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, आज सिंधुदुर्गात असलेल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केले. तेव्हा एकाच वेळी अनेकांशी बोलण्याची सोय मराठी माणसाला लाभली खरी, पण बोलणारा कोण हे वाचकास ठाऊक असे आणि छापलेल्या शब्दाची जबाबदारी कोणावर तरी असे. फेसबुक 2004 साली आले, व्हॉट्सअ‍ॅप 2009 साली. सप्टेंबर 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ही साधने आपल्या जिल्ह्यातील वाड्यावाड्यांत पोहोचली. वेगाचे नवल करण्याचे कारण नाही, तारायंत्रही वेगवानच होते. खरा बदल असा की, एकाला सांगितलेली गोष्ट सर्वांना सांगितल्यासारखी होते आणि मूळ सांगणारा वाटेतच गळून पडतो.

येथे ‘आप्त’ या शब्दाची गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. शास्त्रात आप्त म्हणजे रज आणि तम यांपासून मुक्त, ज्याचे वचन प्रमाण मानावे असा पुरुष. व्यवहारातील मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. नवमाध्यमाने हे दोन्ही अर्थ एकत्र केले. संदेश पुतण्याकडून आला, पुतण्या खोटे सांगणार नाही, म्हणून संदेश खरा, असे हे अनुमान असते. पुतण्याला तो कोणी पाठविला आणि त्या कोणाला आणखी कोणी, याची चौकशी होत नाही. विश्वास नात्यावर असतो. त्याचा लाभ अनोळखी मजकुराला मिळतो.

याचे भयंकर रूप महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, रविवारी, आठवडा बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती. ती पुढे पाठविणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या माणसांना सावध करण्याच्या हेतूनेच पाठविली असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली.

आपल्या व्यवसायाशी थेट संबंध आहे तो गुळवेलीच्या प्रकरणाचा. 2020 च्या साथीत काढ्यांचे संदेश घरोघर फिरू लागले. कोकणात गुळवेल शोधायला दूर जावे लागत नाही, त्यामुळे कांडे तोडायचे, ठेचायचे आणि उकळायचे, हा अनेक घरांचा नित्यक्रम झाला. संदेशात मात्रा असली तर ‘एक पेला’ एवढीच. प्रकृती, अग्नी, वय, पूर्वीचा व्याधी, किती दिवस घ्यावे, यांचा मागमूस नसे. गुडूचीचे वर्णन ग्रंथातले असेल, पण ज्याच्यासाठी ती योजायची तो रोगीच त्यातून वगळलेला होता. पुढे, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत आढळलेल्या सहा रुग्णांविषयीचा शोधलेख 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. गुळवेलीच्या सेवनानंतर त्यांच्या यकृतास इजा झाल्याचे त्यात नमूद होते. अभ्यासकांनी वनस्पतीची ओळख नीट पटविली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये घेतला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुडूची आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची सजातीय वेल, यांत गल्लत होऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. 2022 साली देशातील तेरा केंद्रांमधील 43 रुग्णांची नोंदही प्रसिद्ध झाली.

वाद वनस्पतीवर रंगला, आणि तो महत्त्वाचा आहेच. परंतु खोडावर ठळक गाठी असलेली वेल कोणती आणि नसलेली कोणती, हे संदेश वाचून विळा घेऊन निघालेल्या माणसाला कोण सांगणार होते? दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्ही परीक्षा टळल्या, द्रव्यपरीक्षाही टळली. आम्हांस हा प्रश्न द्रव्याइतकाच संवादाचा वाटतो.

त्या वादात आपल्या वैद्यांच्या गटांवर काय चालले होते, तेही आठवून पाहावे. प्रतिपक्षाला शिव्या, शोधलेख न वाचता त्याची खिल्ली, दुसऱ्या बाजूकडूनही तेच. चरकांनी प्रतिनिविष्ट परिषदेत, ती ज्ञानवती असो वा मूढ, कोणाशीही वाद करू नये असे सांगितले आहे. फेसबुकच्या भिंतीवर तर सुहृद्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट असे सर्वच एकत्र बसलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक मौन पाळून असतात. वैद्यांचा बंदिस्त गटही सुरक्षित नव्हे. तेथे एका वैद्याने दुसऱ्याला सांगितलेला योग सायंकाळपर्यंत एखाद्या रुग्णाच्या हातात, वैद्याच्या नावासह किंवा नावाशिवाय, पडू शकतो.

औषधालयांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. औषधे व जादूटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा 1954 सालचा आहे. त्यातील जाहिरातीच्या व्याख्येत परिपत्रक, वेष्टन आणि लेबल तर येतेच, शिवाय प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते! धुराने जाहिरात करणारे कोणी आम्ही पाहिले नाही, पण व्याख्या इतकी व्यापक असताना ग्राहकांच्या गटावरील संदेश तिच्याबाहेर राहील अशा भरवशावर कोणी राहू नये. मधुमेह या कायद्याच्या अनुसूचीत आहे. ‘साखर कायमची बरी’ असे चित्र दुकानाच्या नावाने धाडणे हा दिवाळीच्या शुभेच्छांसारखा प्रकार नव्हे. याच कायद्याने नोंदणीकृत चिकित्सकांना विहित पद्धतीने, गोपनीयरीत्या पाठविलेल्या औषधविषयक जाहिरातींना मात्र सूट दिली आहे. म्हणजे कायदाही परिषद पाहतो.

याचा अर्थ दूरध्वनी बंद करून बसावे असा नाही. खाडीपलीकडच्या वृद्धेला पावसाळ्यात चित्र-संभाषणातून विचारपूस करता येणे, ही लहान सोय नव्हे. तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल 2020 पासून आपल्यासाठी आहेत. रुग्णाची ओळख, वैद्याची ओळख व नोंदणी क्रमांक, रुग्णाची संमती आणि दिलेल्या सल्ल्याची नोंद ही त्यांतील मुख्य कलमे होत. निनावी संदेशात गळालेल्या याच गोष्टी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर औषध सांगताना रुग्णाचे नाव, वय आणि कालावधी त्याच संदेशात लिहावा. तो पुढे गेला, तरी कोणाचा होता हे वाचणाऱ्याला कळेल.