वारकऱ्यांची शिरगणती

नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर जानेवारीत सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी एक म्हणजे वारकरी. काळा, पांढऱ्या कपाळाचा, दिवसभर पाणवनस्पतीत चोच घालणारा. कॅमेरेवाल्यांना त्याचं अप्रूप नसतं. मोजायला आलेल्यांना मात्र एकही वारकरी सोडून चालत नाही.

आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था तिचा समन्वय करतात. प्रत्यक्ष मोजणी मात्र शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी अशा हौशी माणसांच्या जिवावर चालते. महिना जानेवारीचा, कारण तोवर उत्तरेकडून आलेली बदकं स्थिरावलेली असतात आणि परतीला वेळ असतो.

मोजायचं कसं? थवा लहान असेल तर एकेक. हजारोंचा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे आणि ते किती जागा व्यापतात हे नजरेत पक्कं करायचं. मग तेवढ्या मापाने पन्नासाचा, शंभराचा गट ठरवून तो थव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायचा. ऊन पाठीवर हवं, नाहीतर समोरच्या चकाकीत चक्रवाक आणि हळदीकुंकू बदक दोन्ही सारखीच काळी दिसतात. दुर्बिणीवरचा माणूस आकडे सांगतो, शेजारचा वहीत उतरवतो. तेवढ्यात भोवत्यासारखा एखादा शिकारी पक्षी पाण्यावरून तरंगत जातो, सगळा थवा उठतो, आणि तो पुन्हा बसेपर्यंत थांबून मोजणी पहिल्यापासून. हा कंटाळवाणा भागच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण अंदाजपंचे आकड्यावर शास्त्रज्ञाला काहीच उभं करता येत नाही.

एखादी पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत जायची, तर तिथे नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असणं किंवा एखाद्या पक्ष्याच्या एकूण संख्येपैकी एक टक्का असणं, हेही निकष असतात. ते सिद्ध करायला वर्षानुवर्षांच्या मोजण्या लागतात. गोदावरी-कादवा संगमावरचं, बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ झालेलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

सामान्य पक्षी का मोजायचे, याचं उत्तर २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर केलेल्या तीन कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. घट झालेल्यांत नीलपंख निघाला, आणि आपल्या तळ्यांवर सर्रास दिसतो म्हणून कुणी लक्ष देत नाही तो थापट्या बदकही. दुर्मीळ पक्षी नाहीसा झाला तर बातमी होते. थापटे शंभराचे साठ झाले, तर वहीत शंभर लिहिलेले असल्याशिवाय कुणाला कळणारही नाही. म्हणून रिकाम्या तळ्याचं शून्यसुद्धा लिहायचं असतं.

मोठ्या धरणांवर मोजायला माणसं मिळतात. गावतळी, पाझर तलाव, खाडीच्या आतले फाटे मात्र अजून मोजायचेच राहिलेत. तिथे दुर्बीण, वही आणि दर जानेवारीत त्याच काठावर येणारं एखादं माणूस हवं आहे.