तुझ्या घरात भांग उगवो!

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

भांग हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक महाशिवरात्र आणि दुसरी पोलिसांची धाड. ग्रंथालयात मी या वनस्पतीवरचे पुस्तक मागितले तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलांनी एकमेकांना कोपराने ढोसले, आणि दोन दिवस माझ्याकडे पाहून कोणी ना कोणी 'बम भोले' म्हणत होते. असो. प्रस्तुत लेख त्या मुलांनीही वाचावा अशी माझी इच्छा आहे. हिमालयाच्या डोंगरातल्या कित्येक घरांना भांग हे दोरीचे, पोत्याचे आणि चटणीचे झाड म्हणून माहीत आहे. ज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या जोपासले, त्यांचे बियाणे आज एका लहानशा अपूर्णांकापायी अडचणीत आले आहे. तो अपूर्णांक कोणता, ते पुढे येईलच.

मागच्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी मला उत्तराखंडातील अल्मोडा जिल्ह्यात आठ दिवस राहण्याची संधी मिळाली. आमच्या घरातून रेल्वेने एवढ्या दूर जाणारी मी पहिलीच. शिबिराच्या गावात घरांच्या मागे, गोठ्याच्या उकिरड्याला लागून, माणसाच्या दीडपट-दुप्पट उंचीची झाडे उभी होती. पाने हाताच्या बोटांसारखी फाकलेली, कडा करवतीसारख्या. मला वाटले, अंबाडीच आहे! माझी ही समजूत अगदीच वावगी नव्हती, हे नंतर पुस्तकात वाचले. अंबाडीचे शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस' असे आहे, म्हणजे भांगेसारखी दिसणारी. जुन्या व्यापारात अंबाडीला 'दख्खनी हेंप' म्हणत, आणि हेंप म्हणजे भांगेचा ताग. कुळे मात्र दोघींची निराळी. अंबाडी भेंडी-कापसाच्या घराण्यातली आणि भांग वेगळ्याच घराण्यातली.

भांगेला 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दिले. पुढे १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातील झाडांवरून 'कॅनाबिस इंडिका' असे दुसरे नाव दिले, आणि ही एक जात की दोन, हा वाद तेव्हापासून चालला आहे. आपण त्यात न पडलेले बरे. या झाडाची रीत समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

पपईप्रमाणे भांगेत नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. डोंगरात हे बी उन्हाळ्याच्या सुरुवातीला रुजते, पावसाळ्यात झपाट्याने वाढते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. म्हणजे याचे पंचांग सूर्याच्या हाती. अल्मोड्याला जूनमधला सर्वांत मोठा दिवस जवळजवळ चौदा तासांचा असतो, आपल्याकडे तो सव्वातेरा तासांच्या आसपास. त्यामुळे एका ठिकाणचे बी दुसऱ्या अक्षांशावर नेले की त्याचे वेळापत्रक बिघडते. तिथल्या झाडाला आपल्या डोंगराचा दिवस, तिथला सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आणि नोव्हेंबरची थंडी ही जणू पाठ झालेली असतात. नर झाड आधी फुलते, पराग सोडते आणि वाळून जाते. मादी झाड ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उभे राहून बी पिकवते. पराग वाऱ्यावर जातो आणि तो कित्येक किलोमीटर जाऊ शकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे आहे.

पेरणीतही शहाणपण आहे. धाग्यासाठी बी दाट पेरायचे, म्हणजे झाडे उजेडासाठी एकमेकांशी स्पर्धा करीत सरळ, बिनफांद्यांची वाढतात आणि धागा लांब निघतो. बियांसाठी हवे तर विरळ पेरायचे, म्हणजे झाड फांद्या फोडते. आमच्या गावात अंबाडी करणारी माणसे हेच सांगत.

आता धाग्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तो माझ्या घरचा विषय आहे. माझा आजा दोर वळतो. कासरा, दावे, चऱ्हाट, मुसके, शिंकाळे, सगळे त्याच्या हातचे. अंबाडीचे ताट कापून, पेंढ्या बांधून ओढ्यात कुजत घालायच्या, वर दगड ठेवायचे, आणि पाणी आपले काम करीपर्यंत तो वास सोसायचा. त्या पाण्यात सूक्ष्मजंतू देठातला चिकट पदार्थ खातात आणि साल काडीपासून सुटते. फार लवकर काढले तर साल सुटत नाही, फार उशीर झाला तर धागाच कुजतो. कधी काढायचे, हे आजा एक काडी मोडून, नखाने ओढून ठरवतो. कुमाऊंमध्ये भांगेचे हेच करतात. देठ उन्हात सुकवायचे, दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवायचे, लाकडाने ठोकायचे आणि जाड बुडख्याकडून साल सोलत न्यायची. मग धुऊन, सुकवून पीळ. या धाग्याचे दोर होत, धान्याच्या पिशव्या होत, आणि गढवालात 'भांगेला' नावाचे जाडेभरडे कापड होई. हिमाचलातील कुलू भागात त्याची 'पूला' नावाची पादत्राणे करतात. देवळात आणि स्वयंपाकघरात चामडे चालत नाही, तिथे ही चालतात. घरी आल्यावर आज्याला हे सगळे सांगितले, तर तो म्हणाला, "मंग त्यात नवल काय पोरी? पाणी सारखंच, कुजनं सारखंच." त्याला हिमालयाचे काहीच नवल वाटले नाही, याचे मात्र मला नवल वाटले.

एवढ्या कामाचे झाड, तर त्याला मानही असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. कुमाऊं-गढवालात 'तुझ्या घरात भांग उगवो' हा एक जुना शाप आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लिहिलेल्या वर्णनांतही तो सापडतो, आणि त्याच वर्णनांत असेही आढळते की उच्च म्हणविणाऱ्या जातींचे लोक भांगेचे पीक घेणे कमीपणाचे मानीत, ते काम इतरांकडे असे. हे वाचताना मला आमच्या शाळेची आठवण झाली. तिथे मुले मला 'दोरवाल्याची' म्हणत. दोर सगळ्यांना लागतो, बैल दोराशिवाय एक दिवस राहत नाही, पण दोर वळणारा मात्र गावाच्या कडेला. हजार मैलांवर, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या झाडाच्या बाबतीत तेच चालत आले आहे, हे कळल्यावर बरे वाटले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शापाचा अर्थ मात्र वनस्पतिशास्त्रात नीट लागतो. भांगेला नत्र फार प्रिय. शेण-मूत मुरलेली जमीन मिळाली की ती आपोआप उगवते. घर ओस पडले, गुरे गेली, छप्पर बसले, की गोठ्याच्या जागी सर्वांत आधी भांग माजते. म्हणून 'तुझ्या घरात भांग उगवो' याचा अर्थ 'तुझे घर निर्वंश होवो'. आज हा शाप कोणी न देताच खरा होत आहे. उत्तराखंडाच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे निर्जन झाली. आमच्या शिबिराच्या वाटेवरही अशी कुलूप लावलेली घरे होती, आणि अंगणात भांग होती.

या आपोआप उगवणाऱ्या झाडाला आपण रानटी म्हणतो. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ११० झाडांच्या जनुकसंचांची तुलना केली गेली. त्यावरून असा निष्कर्ष निघाला की ही वनस्पती सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात माणसाने लागवडीत आणली असावी, आणि तिचे मूळ रानटी पूर्वज बहुधा आता उरलेले नाहीत. म्हणजे रस्त्याकडेची भांग ही शेतातून पळालेली, माणसाळलेल्याच आईची लेक.

आपल्याकडेही तिचे जुने पाऊल आहे. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातील एक रसायनतज्ज्ञ आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे मिसळलेले आहेत, असे दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथे किड्यांनी गिलाव्याची नासधूसही अधिक केली आहे. वेरूळला आपण सहलीला जातो, कैलास पाहतो, गिलाव्याकडे कोण पाहतो?

बियांविषयी सांगायचे राहिले. ज्या घरी आम्ही जेवायला होतो तिथल्या आमांनी (तिकडे आजीला आमा म्हणतात) भांगेचे बी तव्यावर भाजले, पाट्यावर मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू घालून वाटले, आणि बटाट्याच्या सुक्या भाजीबरोबर वाढले. आम्ही मुली एकमेकींकडे पाहू लागलो. आमा हसल्या. बियांत नशा नसते. नशेचे द्रव्य मादी फुलांवरच्या चिकट ग्रंथींत असते. बियांत असते ते सुमारे तीस टक्के तेल आणि सुमारे पंचवीस टक्के प्रथिने. चव थोडी तिळासारखी, थोडी जवसासारखी. केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. आमांना त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

आता कायद्याकडे वळू. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला, त्यात तीन भारतीय होते. ११९३ साक्षी घेऊन आयोगाने असे मत दिले की संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यामागोमाग आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला. या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. विनापरवाना लागवडीला मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, तेव्हा परसात प्रयोग करण्याचा विचार कोणी मनात आणू नये. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात मात्र धागा किंवा बी यांसाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार सरकारला आहे. हे कलम बरीच वर्षे कोणी फारसे उघडलेच नाही. उत्तराखंडाने ते उघडले आणि २०१८ मध्ये व्यापारी लागवडीचा परवाना दिला. अट एकच महत्त्वाची. झाडात टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे नशेचे द्रव्य, ०.३ टक्क्यांपेक्षा कमी हवे.

हाच तो अपूर्णांक. तो आला कोठून? १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल या कॅनडातील शास्त्रज्ञाने आपल्या एका सहकाऱ्याबरोबर भांगेचे वर्गीकरण करताना दोन गटांमध्ये कुठेतरी रेघ मारायची म्हणून हा आकडा घेतला. ती रेघ सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नाही, याची त्यांना स्वतःला जाणीव होती. तीच रेघ पुढे देशोदेशीच्या कायद्यांत जाऊन बसली. अडचण अशी की हिमालयातील गावठी भांग अनेकदा ती ओलांडते. तिला कोणी नशेसाठीच वाढवले असे नव्हे. एकाच झाडाकडून दोर, तेल, चटणी, गुरांचे औषध असे सगळे घेणाऱ्यांनी एका द्रव्याचा हिशेब ठेवलाच नव्हता. परिणामी ज्याला परवाना हवा त्याला कमी टक्क्याचे बियाणे बाहेरून आणावे लागते. ते दुसऱ्या अक्षांशाचे असले तर फुलण्याची वेळ चुकते. शिवाय वाऱ्याने येणारा पराग गावठी झाडांचा असतो, त्यामुळे पुढच्या पिढीचा टक्का पुन्हा वर जातो. मग शेजारची गावठी झाडे उपटा, अशी मागणी होणे ओघानेच आले.

हे वाचून मला आमच्या ज्वारीची गोष्ट आठवली. आजीच्या काळात चांगली कणसे निवडून राखेत घोळून बी ठेवले जाई. आता दर मृगाला दुकानातून पिशवी येते. पिशवीचे बी पिकते जास्त, हे मी नाकारत नाही. पण आजीचे बी मागायला गेले तर ते आता कोणाकडेच नाही.

हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील दोन विद्यापीठांना नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास करण्यास मान्यता दिली. अशा अभ्यासात आधी गावोगावची बियाणी गोळा करून, ती कुठली, किती उंचीवरची, धाग्याला बरी की तेलाला, याची नोंद व्हावी, आणि गावठी वाणांतूनच कमी टक्क्याची झाडे निवडली जावीत, असे मला वाटते. मी काही शास्त्र शाखेची नाही. पण निवड करण्याचे काम आमा दरवर्षी करतच असतात. त्यांनी मला दाखवलेल्या बियांच्या झाडांना जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती. ती झाडे धाग्यासाठी कापायची नाहीत. त्यांचे बी टिनच्या डब्यात ठेवतात, पण बी तेलकट असल्याने ते लवकर खवट होते आणि काही वर्षांत उगवेनासे होते. म्हणून ते पुन्हा पुन्हा पेरावेच लागते.