नाकात मांस वाढलंय, वारंवार घोळणा फुटतोय? तळ्यात पोहता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा

एकच नाकपुडी बंद राहते, मधूनमधून घोळणा फुटतो, आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. गावात अशा तक्रारीला ‘उष्णता झाली’ किंवा ‘मांस वाढलं’ म्हणून सोडून दिलं जातं. बऱ्याचदा कारण साधंच असतं. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा पट्टा. मामा तलाव, बोडी, गावतळं यात अंघोळ करणाऱ्यांना एका कमी आढळणाऱ्या आजाराची माहिती असायला हवी. त्याचं नाव रायनोस्पोरिडिओसिस.

आजार नेमका काय?

हा आजार एका अतिसूक्ष्म जिवामुळे होतो. जगात सर्वाधिक रुग्ण भारत आणि श्रीलंकेत आढळतात. आजाराची पहिली नोंद मात्र १९०० साली अर्जेंटिनातल्या गिलेर्मो सीबर यांनी केली. अनेक वर्षं ही बुरशी समजली जायची. पुढे जनुकीय तपासणीत हा जीव माशांमध्ये आजार करणाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा भाऊबंद निघाला.

साचलेल्या पाण्यात पोहताना, डुबकी मारताना नाकातल्या बारीक जखमेतून तो आत शिरतो, असं मानलं जातं. गुराढोरांनाही हा आजार होतो. माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरून रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही.

ओळखायचं कसं?

नाकात वाढणारं प्रत्येक मांस सारखं नसतं. डॉक्टर मुख्यतः तीन शक्यता बघतात :

- साधा पॉलिप : फिकट, द्राक्षासारखा गुळगुळीत. सहसा रक्त येत नाही. बहुतेकदा दोन्ही नाकपुड्यांत असतो, सोबत ॲलर्जी, शिंका.
- रायनोस्पोरिडिओसिस : लालसर, खरबरीत, स्ट्रॉबेरीसारखा दिसणारा गोळा. त्यावर पांढुरके-पिवळसर ठिपके. जरा धक्का लागला की रक्त येतं. बहुतेकदा एकाच बाजूला.
- अँजिओफायब्रोमा : वयात येणाऱ्या मुलांमध्ये आढळणारी रक्तवाहिन्यांची गाठ. एक नाकपुडी बंद आणि न दुखता भळाभळा रक्त.

तिसऱ्या प्रकारात स्कॅन न करता तुकडा काढला तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नाकातलं मांस ओढून, बांधून किंवा औषध लावून जाळून काढणाऱ्या बोगस डॉक्टरकडे अजिबात जाऊ नका. मोठ्या माणसांत एका बाजूचा त्रास आणि रक्त यामागे कधीकधी कर्करोगही असतो.

निदान पक्कं होतं कुठे?

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून नाक बघतात, तेव्हा अंदाज येतो. पक्कं निदान मात्र काढलेला गोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतं. त्यात जाड भिंतीच्या गोल पिशव्या दिसतात आणि त्या बारीक बीजाणूंनी भरलेल्या असतात. हा जीव प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीनं वाढवता येत नाही, त्यामुळे ‘कल्चर’ करून उपयोग नाही. म्हणून ऑपरेशननंतर ‘गोळा तपासायला पाठवला का?’ हे विचारा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

पाण्याची माहिती रुग्णानं स्वतःहून द्यावी. गर्दीच्या ओपीडीत ‘तुम्ही तळ्यात पोहता का?’ हा प्रश्न राहून जाऊ शकतो. मासेमारी करणारे, शिंगाडे काढणारे, म्हशी धुणारे यांनी आपलं काम सांगावं. डोळ्याच्या पापणीआड असाच लाल, मऊ गोळा आला असेल तर तोही दाखवा, कारण हा आजार डोळ्यातही होतो.

उपचार आहे, पण अर्धवट नको

गोळ्या-इंजेक्शनवर हा गोळा विरघळत नाही. ऑपरेशन करून तो पूर्ण काढतात आणि त्याचं मूळ विजेच्या उपकरणानं जाळतात. मूळ राहिलं की गोळा परत येतो. काही रुग्णांना नंतर डॅप्सोन हे कुष्ठरोगातही वापरलं जाणारं औषध देतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून फेरतपासणी चुकवू नका.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागाची चिठ्ठी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा.

तळ्यावर जाणं काही गावकऱ्यांना सोडता येणार नाही, कारण कामच तिथं आहे. पण गुरं धुतात त्या साचलेल्या पाण्यात पोरांनी डुबक्या मारणं टाळता येतं. आणि एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तर कांदा हुंगवून, डोक्यावर पाणी मारून दिवस काढू नका. नाक आतून तपासून घ्या.