लाल दिवा नेमके काय सांगतो?

डहाणू तालुक्याला रंगांची भाषा नवी नाही. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि उद्योगांची हिरवी, नारिंगी व लाल अशी वर्गवारी केली. हिरव्याला मुभा, नारिंगीला अटी, लालला मनाई, हे इथल्या कारखानदारांना पाठ आहे. मात्र स्वतःच्या भिंतीवरील पॅनेलचे दिवे काय सांगतात, याची खबर डहाणू-तलासरीच्या किती मालकांना आहे?

यंत्रांबाबतचा आंतरराष्ट्रीय संकेत सोपा आहे. लाल म्हणजे धोका, ताबडतोब हालचाल करा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडत आहे, लक्ष द्या. हिरवा म्हणजे सर्व ठीक. गफलत पुढे होते. आपल्याकडे विजेच्या पॅनेलवर लाल, पिवळा, निळा हे तीन दिवे तीन फेज दाखवतात. तिथे तिन्ही पेटलेले असणे हीच खुशाली. एक विझला तर मोटर जळण्याची भीती. ब्रेकरवर तर लाल म्हणजे वीज चालू आणि हिरवा म्हणजे बंद. आम्हा कापडवाल्यांच्या मागांवरही ताणा तुटला की एक दिवा, बाणा तुटला की दुसरा. त्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात. नव्या कामगाराने काय समजावे?

दुसरी बाब लुकलुकण्याची. डहाणूला 1995 साली 250 मेगावॅटच्या दोन संचांचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. अशा मोठ्या केंद्रांत सर्वसाधारण पद्धत अशी: बिघाड होताच दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो. कर्मचाऱ्याने बटण दाबले की भोंगा थांबतो, पण दिवा स्थिर जळत राहतो. म्हणजे इशारा पोहोचला, इलाज बाकी आहे. लहान कारखान्यात भोंगा थांबला की काम संपले असे मानले जाते, आणि नुकसान तिथेच होते.

इशारे फार झाले तरी घात होतो. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे टेक्साको तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या 11 मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे 275 इशारे आले होते. महत्त्वाचा कोणता, हे त्यातून निवडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

म्हणून आमची कारखानदार बंधूंना सूचना आहे. प्रत्येक दिव्याखाली त्याचा अर्थ आणि करावयाची कृती कामगारांना वाचता येईल अशा भाषेत लिहा. ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी समजवा. तातडीचा इशारा असलेला लाल दिवा इतर लाल दिव्यांपासून वेगळा बसवा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला चाचणीचे बटण दाबून दिवे तपासा, कारण जळालेला बल्बही सर्व ठीक असल्यासारखाच दिसतो. भोंगा कोणी, केव्हा थांबवला, हे वहीत नोंदवा. खर्च रंगाच्या एका डब्याचा आणि वहीचा. वाचते ती मोटर, कधी माणूसही.