पगार मिळतो का, मावशी?

लाँग वीकेंडला लोक गोव्याला जातात, मी देवळ्याला ताईकडे गेले. ओट्यावर चहा आणि कसमादेचा ऑल टाइम हिट विषय, कांद्याचा भाव! तेवढ्यात दाजींनी बॉम्ब टाकला, "तुझा भाचा फुटबॉलर होणार म्हणतोय. सांग जरा त्याला." पत्रकार आहे म्हणजे मला सगळं ठाऊक, असा घरात (गैर)समज आहे.

भाचा दहावीत. त्यानं एकच विचारलं, "पण मावशी, खेळायचा पगार मिळतो ना?"

बॉस, काय प्रश्न आहे! इंग्लंडमध्ये १८८५ पर्यंत याचं उत्तर 'नाही' असं होतं. म्हणजे कागदावर. तिथल्या साहेब लोकांचा फंडा असा की सभ्य माणूस आनंदासाठी खेळतो, पैशांसाठी नाही. घरी इस्टेट असली की असं म्हणायला काय जातं?

फर्गस सुटरकडे इस्टेट नव्हती. ग्लासगोचा हा पाथरवट १८७८ मध्ये लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणगावात आला. थोड्याच दिवसांत त्यानं छिन्नी खाली ठेवली. कारण काय, तर इथला दगड फार कडक! मग पोट कसं भरायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. पुढच्याच वर्षी एफए कपमध्ये डार्वेननं १-५ अशा पिछाडीवरून ओल्ड ईटोनियन्सला ५-५ असं रोखलं. पुन्हा पुन्हा लंडनला जायचं तर रेल्वेभाड्यासाठी गावात वर्गणी काढली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिकच्या कामगारांनी त्याच ईटोनियन्सना हरवून कपच नेला. सॉलिड ना?

१८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडवर पैसे देत असल्याचा आरोप झाला, तर त्यांच्या विल्यम सडेलनं सरळ कबूल केलं. तो गिरणीचा मॅनेजर. बाहेरून आणलेल्या खेळाडूंना तो गावात कामाला लावायचा. टीमला कपमधून हाकललं, पण लँकेशायरचे क्लब अडून बसले आणि जुलै १८८५ मध्ये पगार कायदेशीर झाला. १८८८ ला १२ क्लबांची फुटबॉल लीग आली. पहिल्याच सीझनला प्रेस्टन एकही मॅच न हरता चॅम्पियन!

(इन्क्रिमेंटवरून रडणाऱ्यांसाठी: १९०१ मध्ये तिथं पगाराला आठवड्याला ४ पौंडांचं झाकण बसलं. ते वाढत वाढत २० वर आलं आणि १९६१ ला एकदाचं उडालं. तोवर ६० वर्षं गेली.)

मला गंमत वाटते ती आपल्याकडची. यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो तेव्हा इनामाची रक्कम भोंग्यावरून सांगतात. जिंकलेला पैलवान फेटा सावरत नोटा घेतो. त्याला कुणी म्हणत नाही, आनंदासाठी का नाही खेळलास?

फुटबॉलमध्ये मात्र आपणही सडेलचाच रस्ता धरला. मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र, रेल्वे, एअर इंडिया अशा टीम होत्या. हजेरीपटावर कारकून, मैदानावर सेंटर फॉरवर्ड! गोल आटले तरी नोकरी राहायची, म्हणून मुलींचे बापही खूश. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग आली. २००५-०६ ला ती जिंकली महिंद्र युनायटेडनं. आणि २०१० मध्ये कंपनीनं ती टीमच बंद केली.

हे मी जरा हळू आवाजात सांगितलं. दाजींनी बरोबर तेवढंच ऐकलं.

"चॅम्पियन टीम बंद?"

"हो दाजी."

"मग आधी बारावी सायन्स."

भाचा उठला, बूट घातले, लेस बांधताना म्हणाला, "चालेल. पण साडेपाच ते सात ग्राउंड. क्लासवाल्यांना तुम्ही सांगायचं."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं, चहा संपला होता. "सव्वासहापर्यंत," दाजी म्हणाले.

"पावणेसात."

ताई आतून ओरडली, "साडेसहा! आणि येताना दूध आण."