आम्ही भंडारदऱ्याला पाणी घेऊन गेलो

आपल्या घरांतला प्रवास ठरलेला असतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, एक जानेवारीला कोरेगाव भीमा आणि मधल्या काळात कुणाचे लग्न नाहीतर कुणाची मयत. नुसते कुणाला तरी भेटायला जायचे, तीन-चार दिवस राहायचे, डोंगर-पाणी बघायचे आणि परत यायचे, याला आमच्या सासूबाई आजही 'रिकामटेकडेपणा' म्हणतात. त्याच सासूबाईंना घेऊन आम्ही मे महिन्याच्या शेवटी कल्याणहून भंडारदऱ्याला गेलो. माणसे नऊ, मुक्काम तीन रात्री आणि हॉटेलचा खर्च शून्य.

निमित्त होते ह्यांच्या मित्राचे. चाळीस वर्षांपूर्वी संगमनेरच्या एका वसतिगृहात हे दोघे एका खोलीत राहत होते. आमचे घराणे प्रवरा नदीच्या खालच्या अंगाचे, राहाता-श्रीरामपूरकडचे. मित्र वरच्या अंगाचे, अकोले तालुक्यातल्या धरणकाठच्या गावातले, महादेव कोळी समाजाचे. पुढे ते आश्रमशाळेत शिक्षक झाले आणि आता निवृत्त आहेत. आमच्या मुलांचे ते गुरुजीकाका. त्यांच्या आईचे मुंबईत ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतच होते. आम्ही मात्र इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या गावी गेलो नव्हतो. कारण एकच. नऊ माणसे त्यांच्या घरात कुठे नेऊन घालायची?

गाडी हेच घर

ही अडचण दिरांनी सोडवली. त्यांनी कर्ज काढून जुनी तेरा सीटांची ट्रॅव्हलर घेतली आहे. आठवडाभर ती कामगारांची ने-आण करते. ते म्हणाले, "वहिनी, रविवारी गाडी उभीच असते. दोन दिवसांची सुट्टी मी काढतो. आपण गाडीतच झोपू."

परदेशात लोक असे चालते-फिरते घर घेऊन महिना महिना हिंडतात. आत झोपायला जागा, ओटा आणि संडाससुद्धा असतो. आपल्या शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण तसल्या गाडीचे भाडे आपल्या पगारात बसणारे नाही. मग आम्ही आमच्यापुरती युक्ती केली. दोन सीटांमधल्या वाटेत पत्र्याच्या पेट्या बसवल्या. रात्री त्यांवर फळ्या टाकून वर गाद्या घालायच्या की सपाट जागा होते. तिथे चार बायका आरामात झोपतात. पुरुष आणि मुले गुरुजींच्या ओटीवर. चालत्या गाडीत मात्र कुणी आडवे व्हायचे नाही, प्रत्येकाने सीटवरच बसायचे, हा दिरांचा कडक नियम. गाडीत स्टो पेटवायचा नाही, हा माझा.

एक गोष्ट भगिनींसाठी लिहून ठेवते, कारण प्रवासवर्णनांत ती कुणी लिहीत नाही. हमरस्त्यावर बायकांची अडचण होते. जेवायला ज्या हॉटेलात थांबलो तिथल्या बायकांच्या संडासाला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून पेट्रोल भरताना आधी संडास उघडा आहे का ते विचारावे आणि मगच टाकी भरायला सांगावे. त्यानंतर आम्ही तसेच केले आणि किल्ली लगेच सापडली.

निघण्यापूर्वी गुरुजींचा फोन आला होता. "सगळे या. भाकरीची काळजी नाही. फक्त पाणी जरा जपून." सासूबाईंनी तेवढेच ऐकले आणि म्हणाल्या, "मग पाणी घ्या बरोबर." मुले खो-खो हसली. "आजी, आपण धरणावर चाललोय!" पण सासूबाई हटल्या नाहीत. पस्तीस लिटरचे पाच कॅन भरून गाडीत चढवले. दिरांच्या कपाळावर आठ्या आल्या, कारण पावणेदोनशे किलो वजन म्हणजे डिझेल. त्यात कसारा घाटात इंजिन तापले आणि त्याच कॅनमधले पाणी रेडिएटरला घालावे लागले. तेव्हा ते काही बोलले नाहीत.

घोटीला हमरस्ता सोडला की डोंगर जवळ येऊ लागतात. बारी गावावरून कळसूबाईचे शिखर दिसते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. तिथून पुढे शेंडी हे भंडारदऱ्याचे बाजाराचे गाव आणि मग धरण.

हेच का पाटाचे पाणी?

प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाखाली उगम पावते आणि थोड्याच अंतरावर अडवली जाते. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून ते विल्सन डॅम. मागच्या तलावाला आर्थर लेक म्हणत आले. सिमेंट नव्हे, दगड आणि चुन्यातले बांधकाम आहे. उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे पंचवीस मजल्यांच्या इमारतीएवढी. पाणी मावते सुमारे ११ टीएमसी. १९६९ साली भिंतीला तडे गेले, तेव्हा मागून दगडी-काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत केली. ते टेकू खालून बघितले की स्पष्ट दिसतात.

ही माहिती गुरुजी मुलांना सांगत होते. सासूबाई काठावर बसून पाण्याकडे बघत होत्या. मेच्या शेवटी तलाव खूप खाली गेलेला असतो. काठावर तांबड्या मातीच्या पायऱ्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पाणी दूर तळाशी चमकते. मध्येच त्यांनी विचारले, "गुरुजी, हे पाणी जातं कुठं?"

गुरुजींनी सांगितले. धरणातून नदीत, पुढे आता निळवंडे धरणात, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर. ओझरला दोन पाट फुटतात. ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातात. त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला, १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

"म्हणजे हेच का पाटाचं पाणी?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे वय पंच्याऐंशी. आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून त्या आईबरोबर उसाच्या खुरपणीला जात. गावच्या विहिरीवर आपल्या माणसांना चढू देत नसत. कुणी बाई येईपर्यंत खाली थांबायचे, तिने वरून ओतले तर ओंजळ धरायची, नाही ओतले तर परत जायचे. पण पाटाला पाणी सुटले की कुणाला अडवता येत नसे, कारण मैलोगणती वाहत्या पाटावर पहारा ठेवणार कोण? मग त्या पालथ्या पडून पाटाचे पाणी पीत. ते पाणी कुठून येते हे त्यांना पंच्याहत्तर वर्षे ठाऊक नव्हते. आम्हीही कधी सांगितले नव्हते. आम्हालाच कुठे ठाऊक होते?

गुरुजींनी मग मुलांना एक हिशोब मांडून दाखवला. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली, असा तो ठराव. १९२६ च्या डिसेंबरात त्याच सरकारने हे धरण खुले केले. आणि २० मार्च १९२७ ला, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांत, बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याची ओंजळ घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी आणि केंद्रीय जलआयोगाची सुरुवात त्यांच्याच खात्यातून झाली. आमची कॉलेजात जाणारी मुलगी हे सारे वहीत टिपून घेत होती. पाठ्यपुस्तकात दामोदर आहे, बाबासाहेब नाहीत, असे ती म्हणाली.

तलावाच्या उशाशी

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती हंड्यांच्या आवाजाने. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे वहिनी, आणि त्यांची सून पाण्याला निघाल्या होत्या. मी आणि मुलगी मागे गेलो.

हा हिशोब मला तिथे जाईपर्यंत कळला नव्हता. पावसाळ्यात तलाव भरतो तेव्हा पाणी जवळजवळ वस्तीच्या पायाशी येते. पण खालच्या शेतीला पाणी सुटत जाते, तसा तलाव उतरतो आणि पाणी घरापासून लांब लांब जाते. ज्या महिन्यात तहान सर्वांत जास्त, त्याच महिन्यात ते सर्वांत लांब. वस्तीची विहीर एप्रिलातच तळाला गेलेली. दारापुढे नळाची तोटी आहे. विहिरीत पाणी आणि तारेत वीज असली की तिला धार येते. मे महिन्यात या दोन्ही गोष्टी एका दिवशी जमणे कठीण. मग बायका उतरणीने खाली जातात, काठाजवळ खणलेल्या झिऱ्यात पाणी साचेपर्यंत बसतात आणि हंडा भरून चढून येतात. जाऊन येऊन तास सव्वातास. आणि हा तो मुलूख, जिथल्या घाटघरला पावसामुळे नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात! पाऊस पडतो तो कातळावरून वाहून तलावात जातो, तलाव खालच्या तालुक्यांचा.

गुरुजींच्या आजोबांची भाताची खाचरे याच पाण्याखाली आहेत. उरलेल्या उताराच्या जमिनीत भात, नागली, वरई निघते. भात काढून झाला की घरातली तरणी माणसे नारायणगावकडे मजुरीला जातात. वर्षाचे सहा महिने वस्तीत म्हातारी आणि मुलेच असतात.

मी एक हंडा आणला. अर्ध्यात दोनदा बसले. वर आले तेव्हा सासूबाई ओटीवर उभ्या होत्या. त्या वहिनींना म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी जवळ होतं, पण माणसं आडवी होती. तुमच्याकडं माणूस आडवा नाही, तरी उतरावं लागतंय?"

वहिनी हसल्या. "बोलू मग आजी. आधी हंडा उतरवू लागा."

त्या दिवसापासून आमच्या नऊ माणसांनी आंघोळीला तलाव गाठला आणि पिण्या-रांधायला आपले कॅन वापरले. मुलांचे हसणे बंद झाले. मला स्वतःची लाजही वाटली, कारण सासूबाईंचा हट्ट नसता तर नऊ पाहुण्यांचे पाणी त्या दोन बायकांच्या डोक्यावरून आले असते, आणि त्यांनी तोंडातून शब्द काढला नसता. पाहुणचारात वहिनींनी काही कमी ठेवले नाही. नागलीची भाकरी, तलावातली मासळी, करवंदे.

बाकीचे थोडक्यात सांगते. मुले एका सकाळी कळसूबाई चढून आली. रतनवाडीचे अमृतेश्वराचे जुने हेमाडपंती देऊळ पाहिले. त्या दगडावरचे कोरीवकाम बघण्यासारखे आहे, कोरणाऱ्यांची नावे मात्र कुठेच नाहीत. रंधा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यात यावे.

काजव्यांच्या रात्रीविषयी मात्र लिहायलाच हवे. पावसाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर लाखो काजवे जमतात. एक झाड लागते, विझते, लगेच दुसरे लागते. काजव्याच्या पोटाखालचा तो प्रकाश थंड असतो, त्यात उष्णता जवळजवळ नसते. नर-मादी या उजेडावर एकमेकांना शोधतात. उडणारा काजवा थोडेच दिवस जगतो, त्याआधीचा काळ त्याची अळी जमिनीत गोगलगाई खात काढते. म्हणून झाडाखालची माती तुडवली की पुढच्या वर्षीचे काजवे मरतात, आणि गाडीचे दिवे अंगावर आले की या वर्षीचे एकमेकांना सापडत नाहीत. हे १९८६ पासूनचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तरी शनिवारी रात्री गाड्यांची रांग, दिव्यांचे झोत आणि गाणी होती. दिरांनी गाडी लांब उभी करून दिवे मालवले. टॉर्चला लाल कागद गुंडाळला आणि आम्ही गुरुजींच्या मागे एका रांगेत चालत गेलो. सासूबाईंना काठी धरून नेले. त्या तासभर एका झाडासमोर बसल्या होत्या. परत येताना एवढेच म्हणाल्या, "उद्याचा दिवसही राहू."

म्हणून तीन रात्री झाल्या, नाहीतर दोनच ठरल्या होत्या.

निघताना वहिनींनी गाडीत नागलीचे पीठ, हिरडे आणि आंब्यांची पाटी ठेवली. कॅन त्यांच्याकडेच ठेवायचे, असे सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकले. दीर कल्याणपर्यंत धुसफुसत होते, कारण त्यातले दोन गॅरेजवाल्याचे होते.